मामा तलाव आणि मोठं होण्याचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यात एखाद्या तळ्याकडे बोट दाखवून 'हे कोणाचं?' असं विचारलं, तर 'मामा तलाव आहे' असं उत्तर येतं. यात मामा कोणीच नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरं. सरकारी कागदांवर 'मा. मा. तलाव' असं लिहिलं जाऊ लागलं आणि बोलण्यात त्याचा मामा झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंदिया १ मे १९९९ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तोही भंडाराच होता, त्यामुळे या लेखात भंडारा म्हटलं की जुना, दोन्ही मिळूनचा भंडारा धरा.

यातले बहुतेक तलाव बांधले गेले तेव्हा पाटबंधारे खातं नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं, मंजुरीची फाईल नव्हती, नागपूरला बसून नकाशे तपासणारं कोणी नव्हतं. तरीही एकाच जातीचं, एकाच पद्धतीचं काम हजारो गावांत पसरलं आणि पिढ्यान् पिढ्या चाललं. हे कसं जमलं असेल?

मी साकोलीकडचा, आणि पोट भरतं सॉफ्टवेअरवर. माझ्या धंद्यात गेली कित्येक वर्षं एका प्रश्नावर परिषदा भरतात, प्रमाणपत्रं विकली जातात आणि सल्लागार पोसले जातात. प्रश्न असा: सात-आठ जणांच्या एका टीमला जमलेली कामाची पद्धत पन्नास टीमना कशी जमवायची? धंद्याच्या भाषेत याला 'अजाइल स्केल करणं' म्हणतात. या प्रश्नाचा इतिहास सांगताना सगळे अमेरिका आणि जपानला जातात. मीही जाणार आहे. पण त्यातला एक मोठा धडा वैनगंगेच्या खोऱ्यात आहे, आणि तो नुसता यशाचा नाही. मोडण्याचाही आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणायची आपल्याकडे खोड आहे. तलाव बांधणारे कोहळी काही 'स्प्रिंट' करत नव्हते. पण प्रश्न तोच होता: अनेक छोट्या गटांनी मोठं काम करायचं, तर त्यांना एकमेकांशी कसं जोडायचं?

भिजेल तेवढी जमीन

झाडीपट्टीत पाऊस कमी नाही. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. अडचण वेगळी आहे. तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो, आणि त्या चार महिन्यांतही मध्येच पंधरा-वीस दिवस दडी मारतो. गहू किंवा ज्वारी एवढी उघडीप सोसेल, धान सोसत नाही. रोवणी झालेली बांधी कोरडी पडली की वर्ष गेलं. त्यामुळे इथे पाणी साठवायचं ते मुख्यतः या पंधरा-वीस दिवसांसाठी. नंतर उरलं तर ऊस, उन्हाळी पीक, गुरंढोरं.

हे काम ज्यांच्या नावावर आहे ते कोहळी. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात या जातीची ओळखच वैनगंगा खोऱ्यातले तलाव बांधणारे अशी करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांना सोबत आणलं, ही त्यांच्यातली एक परंपरा. आपली पहिली वस्ती बालाघाटकडच्या लांजीला होती, ही दुसरी. दोन्हींत किती इतिहास आणि किती आठवण, याचा निवाडा इथे करायची गरज नाही. आपल्या कामाची परंपरा तिसरी आहे. चांद्याच्या गोंड राजवटीने, त्यातही हीरशहा राजाने, असं जाहीर केलं असं सांगतात की जो जंगल काढून गाव वसवेल त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन.

या कराराकडे जरा थांबून बघा. राजाने पाळ किती हात लांब हवी, हे सांगितलं नाही. किती माती टाकली याचे पैसे दिले नाहीत. बक्षीस बांधलं ते शेवटच्या परिणामाशी: पाणी शेतात पोचलं का? पाळ कितीही उंच केली आणि मोरी चुकीच्या जागी ठेवली, तर जमीन भिजणार नाही आणि मोबदलाही नाही. कसं करायचं, हे करणाऱ्याने ठरवायचं.

तलावाची रचना ऐकायला सोपी आहे. ओढ्याच्या वाटेत दोन उंचवटे हेरून त्यांच्यामध्ये मातीची पाळ घालायची. पाणी सोडायला पाळीतून मोरी. जास्तीचं पाणी बाजूने निघून जावं म्हणून सांडवा. मोरीपासून शेतापर्यंत पाट. सगळं कसब जागा निवडण्यात आणि सांडव्याची पातळी ठरवण्यात. ती दोन बोटं चुकली तरी एक तर पाळ फुटते, नाहीतर वरच्या शेतात पाणी तुंबतं.

आणि चूक लपत नाही. पहिल्याच पावसाळ्यात पाळ टिकते की नाही ते कळतं. कापणीपर्यंत शेवटच्या बांधीला पाणी मिळालं की नाही ते कळतं. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ काढून शेतात टाकायचा, पाळ चोपायची, पाट साफ करायचा आणि पुढच्या पावसाची वाट बघायची. म्हणजे तलाव एकदा बांधून झाला असं कधी होत नव्हतं. दरवर्षी तो थोडा थोडा पुन्हा बांधला जायचा. ज्यांनी तो बांधला तेच तो वापरणार, त्यामुळे शिकलेलं वाया जात नव्हतं.

आकार मात्र एकसारखे नव्हते. सगळ्यात लहान ती बोडी, एखाद्या शेतकऱ्याच्या शेताच्या वरच्या अंगाला. मग गावाचा तलाव. आणि मग नवेगावबांध, शिवनीबांध यांच्यासारखे अवाढव्य बांध. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानलं जातं, आणि तिथे ते कोलासूर म्हणून पुजले जातात. पण जिल्ह्याचं पोट या बड्या बांधांपेक्षा गावोगावच्या साध्या तलावांनी आणि बोड्यांनी जास्त भरलं.

सांडव्याच्या पलीकडे

एका गावाचा तलाव समजला. आता हजारोंचं काय?

वैनगंगेच्या खोऱ्यात बरेच तलाव एकाखाली एक आहेत. वरचा भरला की त्याच्या सांडव्यावरून निघालेलं पाणी खालच्या तलावात येतं, तो भरला की त्याच्याही खालच्यात. शेतात वापरून झिरपलेलं पाणीही शेवटी खालीच जातं. ही साखळी कोणी एका कागदावर आखली नव्हती. ओढा आधीच वाहत होता, गावं एकेक करून त्याच्या काठाने जोडली गेली.

अशा साखळीत प्रत्येक गावाला सगळ्या गावांशी बोलावं लागत नाही. वरच्या गावाशी आणि खालच्या गावाशी बोललं की पुरतं. आणि बोलायचं कशावर, तेही ठरलेलं असतं: सांडव्याच्या उंचीवर. वरच्या गावाने सांडवा हातभर उंच केला तर खालच्या गावाला पाणी उशिरा आणि कमी मिळणार. वरच्या गावाची पाळ फुटली तर खालच्या गावाचीही फुटणार. आपल्या गावात पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचं, ऊस किती लावायचा, गाळ कधी काढायचा, यात शेजारच्या गावाने नाक खुपसायचं कारण नाही. सांडव्यावर मात्र त्याचा हक्क आहे.

इंग्रजांनी १८५३मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. त्या वेळी गावाच्या रिवाजांची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तात झाली. पाणी, मासे, चराई, सरपण यांवर कोणाचा काय हक्क, हे त्यात लिहिलं गेलं. गावकऱ्यांच्या नित्य गरजांच्या या हक्कांना 'निस्तार' म्हणतात. गावाच्या आत काय चालतं आणि गावाबाहेरच्याशी काय ठरलं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून लिहायची ही पद्धत लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

रग्बीच्या मैदानातून

आता थोडा वेळ जिल्ह्याबाहेर जाऊ.

१९६०च्या दशकात आयबीएमने आपल्या नव्या संगणकांसाठी एक प्रचंड प्रणाली लिहायला घेतली. काम लांबलं, म्हणून माणसं वाढवली. काम आणखी लांबलं. त्याचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्याचं गणित मांडलं. सात माणसं असतील तर दोघादोघांच्या जोड्या एकवीस होतात. पन्नास माणसं असतील तर एक हजार दोनशे पंचवीस. माणसं सातपट, बोलणं जवळजवळ साठपट. प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागत असेल, तर मोठी टीम म्हणजे काम करणारी टीम नसून मीटिंग करणारी टीम.

१९८६च्या जानेवारीत हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांसारख्या कंपन्यांत नवी वस्तू कशी तयार होते, ते त्यांनी पाहिलं होतं. एका खात्याने काम संपवून दुसऱ्याकडे सोपवायचं, ही रिले शर्यत तिथे नव्हती. वेगवेगळ्या कामांची माणसं एका लहान गटात, रग्बीच्या संघासारखी चेंडू एकमेकांकडे देत सोबत पुढे सरकत होती. त्या लेखातला रग्बीचा शब्द जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी उचलला आणि १९९५मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथल्या परिषदेत 'स्क्रम' मांडलं. लहान टीम, काही आठवड्यांचा ठरलेला कालखंड, त्याच्या शेवटी वापरता येईल अशी काहीतरी वस्तू, आणि मग काय शिकलो यावर चर्चा. फेब्रुवारी २००१मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि 'अजाइल जाहीरनामा' आला.

एका टीमपुरतं हे छान चाललं. मग मोठ्या बँका, विमा कंपन्या, टेलिकॉम कंपन्या म्हणू लागल्या की आम्हालाही हवं, पण आमच्याकडे पन्नास टीम आहेत. इथून पुढच्या इतिहासात दोन वाटा दिसतात.

एक वाट वरून आराखडा घालायची. २०११मध्ये डीन लेफिंगवेल यांनी 'सेफ' ही पद्धत आणली. यात पन्नास ते सव्वाशे माणसांची एक 'रिलीज ट्रेन' असते, आणि आठ ते बारा आठवड्यांच्या टप्प्यासाठी सगळ्यांनी मिळून आधी नियोजन करायचं असतं. भूमिका भरपूर, तक्ते भरपूर. दुसरी वाट क्रेग लार्मन आणि बास वोड्डे यांच्या 'लेस' पद्धतीची. त्यांचं म्हणणं असं की आधी मोठं होणं टाळता येतं का ते बघा. नसेल टाळता येत, तर नवे अधिकारी नेमू नका. सगळ्या टीमसाठी कामाची एकच यादी ठेवा आणि टीमनाच एकमेकांशी थेट बोलू द्या.

मधेच २०१२मध्ये हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांनी स्पॉटिफाय कंपनीतली रचना लिहून काढली: स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर, गिल्ड. आजची आमची स्थिती अशी आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. जगाने त्याचा साचा केला. मी ज्या एका कंपनीत होतो तिथेही एका सोमवारी सगळ्या टीमची नावं 'स्क्वॉड' झाली. कोण काय ठरवणार, यात मात्र काहीच बदललं नाही. पूर्वी जी परवानगी तीन जणांकडून आणावी लागायची ती नंतरही त्याच तिघांकडून आणावी लागली, फक्त त्यांची पदनामं नवी होती.

ब्रुक्स यांचं गणित आणि तलावांची साखळी शेजारी ठेवली की फरक कळतो. प्रत्येक तलावाला फक्त वरच्या आणि खालच्याशी संबंध ठेवायचा असेल, तर तलाव दुप्पट झाले की संबंधही साधारण दुप्पटच होतात. साठपट होत नाहीत. मोठं होण्याचं रहस्य माणसं वाढवण्यात नाही, सांधे कमी आणि स्पष्ट ठेवण्यात आहे. ज्या कंपन्यांत अनेक टीमचं काम चांगलं चाललेलं मी पाहिलं, तिथे एका टीमचं काम दुसरीकडे जाण्याची जागा सांडव्यासारखी ठरलेली होती. आत काय करायचं ते तुमचं. बाहेर काय येणार, कधी येणार आणि त्यात बदल करायचा तर कोणाला विचारायचं, ते लिहिलेलं.

मालगुजार काही संत नव्हता

इथपर्यंत वाचून कोणाला जुना काळ सोन्याचा वाटला, तर तो गैरसमज वेळीच दूर करायला हवा.

मालगुजार हा गावाचा मालक होता. सारा वसूल करून सरकारात भरायचा आणि आपला वाटा ठेवायचा. तलावाच्या दुरुस्तीला गावातल्या कोणाचे हात लागायचे आणि भिजलेली जमीन कोणाच्या नावावर असायची, याचा हिशोब सरळ नव्हता. पाणी आधी कोणाच्या बांधीला जायचं, हे जातीने आणि जमिनीच्या आकाराने ठरायचं. तलावात उतरणारे ढिवर. जाळं त्यांचं, माशांची ओळख त्यांची, पण तलावाच्या कारभारात त्यांना शब्द नव्हता. स्त्रियांना तर नव्हताच.

त्यामुळे मालगुजारी संपली याचं दुःख करायचं कारण नाही. संपायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की ती संपवताना सोबत आणखी काय संपलं?

३१ मार्च १९५१

मध्य प्रदेशच्या विधिमंडळाने १९५०मध्ये मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१पासून तो लागू झाला. एका दिवसात हजारो तलाव सरकारचे झाले. मालगुजाराची तलावातली गुंतवणूक संपली, हे ठीक. पण ती जबाबदारी गावाकडे आली नाही. ती वर गेली.

पुढे १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसायाच्या नियमांनुसार सहकारी संस्थांना. तलावाला पाणी देणारं जंगल वनखात्याचं. तळाच्या जमिनीवर कोणी अतिक्रमण केलं तर महसूल खातं. एकच तलाव होता, त्याचे कागदावर पाच तुकडे झाले. पाण्याचं पाहणाऱ्याला माशांशी देणंघेणं नाही, माशांचं पाहणाऱ्याला जंगलाशी नाही.

१९६८मध्ये मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने एक निरीक्षण लिहिलं, ते आज 'कॉन्वेचा नियम' म्हणून ओळखलं जातं. कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याच्या रचनेसारखीच होते. तीन विभाग एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांचं सॉफ्टवेअरही तीन तुटक तुकड्यांत येतं. मामा तलावांच्या बाबतीत हा नियम उलट्या दिशेने लागू झालेला दिसतो. तलाव आधी अखंड होता. खात्यांच्या रचनेने तो आपल्यासारखा करून घेतला.

गाळ साचत गेला. पाट बुजले. पाळीवर झाडं उगवली आणि त्यांच्या मुळांनी पाळ पोखरली. जिथे पूर्वी उन्हाळ्यात गाव कुदळ घेऊन जायचं, तिथे आता अर्ज जाऊ लागला, आणि अर्जाला उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे होऊन जायचे. चूक दिसणं आणि ती दुरुस्त होणं यातलं अंतर एका उन्हाळ्याचं होतं, ते काही वर्षांचं झालं. कामाची कोणतीही पद्धत आधी मरते ती इथे.

वरून खाली पडणारं पाणी

तलाव मागे पडले तेव्हा नजर मोठ्या धरणाकडे गेली. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्चाचा सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. कालव्यांच्या दर्जावरून चौकशा झाल्या. गावं उठली, आणि पुनर्वसनाचं भांडण कित्येक वर्षं चाललं.

सॉफ्टवेअरमध्ये या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणतात, धबधबा. आधी सगळ्या गरजा, मग सगळा आराखडा, मग सगळं बांधकाम, शेवटी वापर. पाणी फक्त खाली पडतं, मागे येत नाही. गंमत अशी, की ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातली आकृती या पद्धतीचं मूळ मानली जाते, त्यांनी त्यात धबधबा हा शब्दच वापरला नव्हता. उलट अशी सरळ खाली उतरणारी पद्धत धोक्याची आहे, असं त्याच निबंधात सांगितलं होतं. लोकांनी चित्र घेतलं आणि इशारा सोडून दिला.

धरण वाईट आणि तलाव चांगला, असा सोपा निकाल मला द्यायचा नाही. वैनगंगेचा पूर गावतलाव अडवू शकत नाही, आणि सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला तर बोडी काय करणार? काही कामं मोठीच असतात. पण तिथेही एक प्रश्न विचारता येतो: पहिलं शेत कधी भिजलं? धरणात पहिला फायदा मिळायला दशकं लागली, आणि त्या दशकांत जे शिकायला मिळालं असतं ते शिकायला शेतकरी त्या कामात नव्हताच. साखळीतला नवा तलाव पहिल्याच पावसात कामाला लागायचा.

बेशरम उपटताना

तलावांच्या गोष्टीत अलीकडचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो ढिवरांनी घडवला. ज्यांना जुन्या व्यवस्थेत शब्द नव्हता, त्यांनी.

स्वातंत्र्यानंतर तलावांत रोहू, कतला, मृगळ हे बाहेरचे मासे सोडले जाऊ लागले. मच्छीमार सहकारी संस्थांचं उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून झालं आणि मरळीसारखे स्थानिक मासे कमी होत गेले. काठाने बेशरम माजली. या झुडपाचं नावच सांगतं की ते उपटलं तरी पुन्हा येतं. पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, त्यांच्यासोबत माशांची अंडी घालायची जागा गेली, पक्ष्यांचं खाणं गेलं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिचे मनीष राजनकर यांनी अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवरांसोबत या तलावांवर काम केलं. सुरुवात विचारण्यापासून झाली: पूर्वी इथे कोणते मासे होते, कोणती वनस्पती कुठे उगवायची, कोणता मासा कोणत्या झाडोऱ्यात राहतो? हे ज्ञान म्हाताऱ्या ढिवरांकडे होतं, कुठल्या खात्याच्या फाईलमध्ये नव्हतं. मग एक तलाव घेतला. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, दुसऱ्या तलावांतून देशी वनस्पती आणून लावल्या आणि काय होतं ते पाहिलं. पुढे शेजारचे तलाव. या कामात बायका उतरल्या आणि संस्थांच्या बैठकांतही बोलू लागल्या.

इथे मला जुनी पद्धत परत आलेली दिसते, पण जुना मालक परत आलेला दिसत नाही. एक लहान गट, त्याच्या हातात एक अखंड तलाव, एका हंगामात दिसणारा निकाल, आणि निकाल बघून शेजारच्याने शिकणं. शिकवण वरून परिपत्रकाने गेली नाही. पाण्याच्याच वाटेने गेली, एका तलावातून दुसऱ्यात.

मोजायचं काय?

२०१७मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. हेतू चांगला आहे. गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा, हे तर गावं पूर्वी करतच होती. पण अशा योजनेचं यश मोजायचं तर काढलेला गाळ घनमीटरमध्ये मोजणं सगळ्यात सोपं, आणि जेसीबीला घनमीटर आवडतात. सगळा तळ सारखा खोल केला की आकडा मोठा येतो. तलावाच्या उथळ काठावर मात्र देशी वनस्पती वाढतात आणि मासे अंडी घालतात. तो काठच गेला तर तलावात पाणी वाढतं आणि जीव कमी होतो. हे ढिवराला कळतं. घनमीटरच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.

माझ्या धंद्यातल्यांना हे ओळखीचं वाटेल. आम्हीही एका स्प्रिंटमध्ये किती 'पॉइंट' झाले ते मोजतो, टीमटीमची तुलना करतो, आणि आकडा वाढला की खूश होतो. ते सॉफ्टवेअर ज्या माणसासाठी होतं त्याचं काम सोपं झालं का, हा रकाना रिकामा राहतो. गोंड राजाच्या करारात तो एकच रकाना होता: किती जमीन भिजली?

तुमच्यापैकी बरेच जण आज ना उद्या अशा कामात असाल, जिथे अनेक गट मिळून एक गोष्ट करतात. आयटीतच असं नाही. आरोग्य केंद्र असेल, शेतकरी कंपनी असेल, निवडणुकीचं काम असेल. तिथे कोणी नवी पद्धत घेऊन आलं आणि नवी पदनामं वाटू लागलं, तर तीन गोष्टी विचारून बघा. काम करणाऱ्या गटाच्या हातात अखंड तलाव आहे की त्याचा एक तुकडा? चूक दिसल्यावर ती दुरुस्त करायला त्यांना कोणाच्या सहीची वाट बघावी लागते? आणि शेजारच्या गटाशी सांडव्याची उंची ठरली आहे का, की ती दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये नव्याने भांडली जाते?

मामा तलावांच्या बाबतीत या तीनपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अजून सरकारदरबारी अडकलेली आहेत. गाळ कोण काढणार, किती काढणार आणि कुठला काठ तसाच ठेवणार, हे ठरवताना त्या तलावावर जाळं टाकणाऱ्यांना आणि त्याखाली धान लावणाऱ्यांना एकत्र बसवलं जावं, एवढीच मागणी आहे. जिल्ह्यात पाळी अजून उभ्या आहेत. पाऊस दरवर्षी येतो आणि दरवर्षी मध्येच पंधरा दिवस दडी मारतो.